लोकरीच्या मोज्यातली मोटर

आमच्या रस्त्यावर सौना शनिवारी पेटतो. इतर दिवशी अंगणातल्या त्या लाकडी खोलीच्या धुराड्यातून धूर दिसला, तर समजायचं की वाफेला या म्हणून बोलावणं आहे. तोंडाने कुणी बोलवत नाही. आम्ही फिनिश माणसं तोंडाने फारसं काही करतच नाही. धूर दिसला की टॉवेल काखेत मारायचा आणि निघायचं. आमच्या पणज्या ही चाल बोटीतून घेऊन आल्या आणि वरच्या मिशिगनातल्या या बर्फात ती अजून टिकून आहे.

तर नोव्हेंबरात, ऐन हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, एका मंगळवारी लेम्पी रांता यांच्या सौनातून धूर निघाला.

मी या रस्त्यावर टपाल वाटते. कुणाच्या घरी काय येतं आणि काय यायचं थांबलंय, हे मला ठाऊक असतं आणि ते पोटात ठेवायचा मला पगार मिळतो. लेम्पीबाईंना मी बाई म्हणते, कारण लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत त्या मला शिकवायच्या. आता ऐंशीला टेकल्यात. बुटक्या, ताठ, नाक कायम लाल. नवरा गेला, गाय गेली, पण बर्फाचं खोरं काही हातातून सुटलं नाही. दोन गोष्टी त्या कधी करत नाहीत. एक, खोटं बोलत नाहीत. दुसरी, कुणाकडे काही मागत नाहीत. घरातली साखर संपली तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत कडू कॉफी पितील, पण शेजारी वाटी पाठवणार नाहीत. याला आमच्याकडे चिवटपणा म्हणतात आणि मिरवतात. मला विचाराल तर तो निव्वळ आडमुठेपणा आहे, आणि आम्हा सगळ्यांनाच तो आईच्या दुधातून मिळालाय.

त्यांची एकुलती लेक कॅरल खाली डेट्रॉइटकडे असते. आई एकटी राहते म्हणून तिच्या जिवाला घोर. दोन वर्षांपूर्वी येऊन तिने जुनी लाकडाची चूल काढून टाकली, कारण आईने सरपण वाहिलेलं तिला बघवेना. त्या जागी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी विजेची शेगडी बसवली आणि आईकडून कबूल करून घेतलं.

"हे बघ आई, ही शेगडी हिवाळ्यात एकदा जरी बंद पडली आणि तू थंडीत कुडकुडत बसलीस, तर गपगुमान माझ्याकडे यायचं. मग तुझं काही ऐकणार नाही मी."

"ठीक आहे," लेम्पीबाई म्हणाल्या. शब्द दिला म्हणजे दिला. कॅरलने लगेच तिच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत एक खोलीही बघून ठेवली. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणे. सरोवराकाठी जन्म काढलेल्या बाईला गाड्या दाखवायच्या!

आणि मग शेगडीचा ब्लोअर, म्हणजे पंखा फिरवणारी मोटर, गेला. आधी चार दिवस मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळला, मग गप्प झाला. शेगडी पेटायची, पण गरम हवा खोलीत ढकलायला पंखाच नाही. त्यामुळे ती आतल्या आत तापायची आणि जास्त तापली की स्वतःहून विझायची. तशी ती रचनाच आहे, घर जळू नये म्हणून. शेगडी शहाणी, पण खोली थंडगार.

हरणांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते. पुरुषमंडळी रानातल्या लाकडी खोपटांत जाऊन राहतात. त्याला ते कॅम्प म्हणतात. तिथे दाढ्या वाढवतात, पत्ते कुटतात आणि अधूनमधून हरणही मारतात. शेगड्या दुरुस्त करणारा एकच माणूस, त्याच्या दुकानाच्या दारावर पुठ्ठा लटकत होता, 'हरणांना गेलोय'. कधी येणार ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची पद्धतच नाही.

लेम्पीबाईंनी सुट्या भागांच्या कोठारात फोन लावून नवी मोटर टपालाने मागवली. त्यांच्या दारात जड खोकं घेऊन मी उभी राहिले तेव्हा त्यांनी मला कोटासकट आत ओढलं. घरात माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

"रूथ, कुणाला बोललीस तर बघ."

"बाई, घरात पाणी गोठेल! कॅरलला..."

"कॅरल थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतेय. तोवर मोटर बसते. पेचकस धरता येतो का तुला, की नुसत्या पाकिटांवरचे पत्ते वाचता येतात?"

टोमणा मारूनच त्या मदत घेतात. मागितली असं व्हायला नको ना! रविवारी आम्ही दोघी शेगडीपुढे गुडघे टेकून बसलो. जुनी मोटर काढली, नवी लावली. भोकं जुळली, तारा जुळल्या, पंखा फिरायला लागला. लेम्पीबाईंनी जाळीपुढे हात धरला. जरा वेळाने माझा हात धरून तिथे ठेवला.

"तुला काही लागतंय का?"

लागत होतं, पण एखाद्याने लांबून फुंकर घालावी तेवढंच. थोड्या वेळात शेगडी तापली आणि विझली. मोटर उलटी फिरत होती. या मोटरी दिसायला सारख्या, पण काही उजवीकडे फिरतात, काही डावीकडे. फोनवर त्यांना विचारलं होतं की तुमची कुठल्या बाजूला फिरते. लेम्पीबाईंनी पाहून सांगितलं, पण त्यांनी पाहिलं मागून, तारांच्या बाजूने. बघायचं असतं पुढून, जिथे पंखा बसतो त्या दांड्याच्या बाजूने. मी खोकं परत पाठवलं. दुसरी मोटर थँक्सगिव्हिंग उलटल्यावर येणार होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय! माझ्या आई-बापांनी केलं तेच."

आमच्या लोकांची रीत अशी की रानात जमीन घेतली की आधी सौना बांधायचा. त्यात राहायचं, त्यातच पोरं व्हायची, आणि जमेल तेव्हा शेजारी घर उभं राहायचं. लेम्पीबाईंचा जन्म याच सौनात झालेला. त्यांनी बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत खाट टाकली. रेडिओ आणला, जेरेनियमच्या कुंड्या आणल्या, मांजर आपणहून आलं. आतली दगडांची भट्टी पेटवली की दोन्ही खोल्या उबदार. संध्याकाळी कॅरलचा फोन यायचा.

"आई, ऊब आहे ना?"

"घाम फुटलाय मला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पण धूर काही लपवता येत नाही. त्या मंगळवारी लेम्पीबाई खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या, तेवढ्यात दारावर थाप. बाहेर माझी एल्मामावशी. रस्त्यापलीकडे राहते. काखेत टॉवेल, हातात वेलदोड्याचा गोड पाव.

"मंगळवारी वाफ? चैन आहे बुवा तुझी!" म्हणत ती आत घुसलीसुद्धा.

आलेल्याला सौनातून परत पाठवायचं नसतं. म्हटलं तर पाप, म्हटलं तर बदनामी. लेम्पीबाईंनी खाटेवर गोधडी ओढली, कुंड्यांवर टॉवेल टाकला आणि भट्टीत आणखी लाकूड सारलं. बुधवारी एल्मामावशी आणि पुढच्या वळणावरच्या दोघी बहिणी. गुरुवारी पाद्रीबाई. शुक्रवारपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या बायका रोज यायला लागल्या. नवरे कॅम्पवर, घरी स्वयंपाक नाही, आणि लेम्पीचं डोकं फिरलंय पण वाफ फार छान होते, असं आपापसांत बोलायच्या. लेम्पीबाईंचं सरपण भराभर उतरत चाललं. कॉफीचा डबाही तळाला गेला. रोज रात्रीपर्यंत अंगणात हसणंखिदळणं.

मी टपाल टाकायला थांबले की त्या खिडकीतून माझ्याकडे अशा बघायच्या, जणू हे सगळं मीच केलंय.

"सांगून टाका ना बाई," मी म्हटलं.

"काय सांगू? माझ्या घरात थंडी आहे म्हणून? संध्याकाळपर्यंत ते डेट्रॉइटला पोचेल."

खरी भीती ती होती. कॅरल बोलण्यात एकच पालुपद लावायची, 'आई, तुला तिथं काही झालं तर आठ दिवस कुणाला कळायचंसुद्धा नाही.' लेम्पीबाई त्यावर तिकडच्या हवामानाची चौकशी करत.

थँक्सगिव्हिंग दारात आलं. रविवारी दुपारी वाफेला मीही गेले होते. वरच्या फळीवर एल्मामावशी, तिच्याशेजारी लेम्पीबाई आणि खाली मी. मावशीने दगडांवर पाणी टाकलं. वाफ वर आली आणि आमची तोंडं खाली गेली.

"लेम्पी," मावशी म्हणाली, "कुंड्या इथं कशाला आणल्यास गं?"

लेम्पीबाईंनी दगडांवर आणखी पाणी टाकलं.

"आणि मांजर? आणि खाट? मला काय दिसत नाही होय? मोतीबिंदू काढून आलेय मी."

खोटं बोलता येत नसलेल्या माणसाला सरळ प्रश्न विचारणं म्हणजे क्रूरपणा आहे. लेम्पीबाईंनी गुडघ्यांकडे बघत सांगितलं, "घरात ऊब नाही. शेगडीची मोटर गेलीय."

"कुठली शेगडी? ती कॅरलने आणलेली? अगं, आमच्या आर्वोने तीच घेतली ना कॅम्पवर! तुझी बघूनच घेतली. तीच कंपनी, तोच काळा रंग, सगळं तेच!"

आर्वोकाका म्हणजे मावशीचा नवरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी खालून ओरडले, "मग काढू या ना ती मोटर! काकांना नवी मागवून देता येईल!"

"हरणांच्या दिवसांत?" लेम्पीबाई म्हणाल्या. "कॅम्पवर पाच माणसं आहेत. थंडीत मरतील."

"माणसं कसली, रेडे आहेत. चरबीवर जगतील," मावशी म्हणाली. "पण एक सांगते. मी मागणार नाही आर्वोकडे. शेगडी तुझी आणि तोंडही तुझंच. तुझं तू माग."

लेम्पीबाईंचा चेहरा वाफेने लाल होताच, तो आणखी लाल झाला. मग फळीवरून उतरल्या, अंगावर गार पाण्याची बादली ओतली आणि म्हणाल्या, "रूथ, तुझ्या गाडीला बर्फात चालणारी चाकं आहेत ना?"

हंगामात बाई कॅम्पवर जात नाही. तसा कायदा नाही, पण चाळीस वर्षांत एल्मामावशीही कधी गेली नव्हती. रानातल्या वाटेवर गाडी घसरत, अडखळत चालली होती. लेम्पीबाई शेजारी बसून ओठ हलवत होत्या. मला वाटलं प्रार्थना म्हणतायत. कान दिला तर वाक्य घोकत होत्या, "आर्वो, मला तुझी मोटर हवी आहे. आर्वो, तुझी मोटर देतोस का. आर्वो, एक काम होतं." शाळेत आम्हाला त्यांनी दहा आज्ञा घोकायला लावल्या होत्या, तेव्हा आमचे चेहरे असेच झाले असतील. मला हसू येत होतं, पण त्या दर वेळी मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होत्या आणि मग माझं हसू गेलं.

कॅम्पच्या दारात आम्ही उभ्या राहिलो आणि आत एकच पळापळ झाली. कुणी मळके मोजे लपवले, कुणी बाटली. पाचही जण अंगावर कोट, डोक्यावर कानटोप्या, हातांत हातमोजे घालून पत्ते खेळत होते. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. लेम्पीबाई उंबऱ्यावर ताठ उभ्या राहिल्या.

"आर्वो," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. घोकलेलं सगळं विसरल्या. "आर्वो, माझं अडलंय. मला मदत हवी आहे."

आर्वोकाकांनी पत्ते खाली ठेवले. उठले. खिडकीतल्या फळीवर एक राखाडी लोकरीचा मोजा होता, गाठ मारलेला, चांगला फुगलेला. तो आणून त्यांनी लेम्पीबाईंच्या हातात दिला. त्यांनी गाठ सोडली. आत मोटर होती. पुसलेली, तेल दिलेली, पेचसुद्धा वेगळ्या चिंधीत बांधलेले. मी शेगडीकडे पाहिलं. तिची मागची बाजू उघडी पडली होती.

"ही... ही कधी काढलीत काका?" मी विचारलं.

"शनिवारी घरी वाफेला आलो होतो," काका म्हणाले. "बघितलं, लेम्पीच्या घराचं धुराडं थंड आहे, आणि एल्मा म्हणाली, सौना रोज पेटतोय. म्हटलं पंखा गेला असणार. या शेगड्यांचा तोच जातो. मग इथं येऊन काढून ठेवली."

"शनिवारी! मग आणून का नाही दिली?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. "तिने मागितली नव्हती."

तेवढ्यात कोपऱ्यातला एक जण, ज्याचं नाक निळं पडलं होतं, उसळून म्हणाला, "अहो बाई, मागायला एवढा वेळ लावतात होय! काल रात्री आम्ही इथं गोठून मेलो असतो. हा ती मोटर परतही बसवू देईना. म्हणे, ती कधीही येईल, तेव्हा तयार पाहिजे!"

लेम्पीबाई मोजा छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि हसताना पाहिलं तेही तेव्हाच. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. मला इतकं मोकळं वाटलं की मी त्या निळ्या नाकवाल्याला मिठी मारली. तो अजून सगळ्यांना सांगत असतो.

काका आमच्या मागोमाग त्यांच्या गाडीतून आले. मोटर बसवली. ती पंखा बसतो त्या बाजूने बघून बरोबर फिरत होती, ते मी तीनदा तपासलं. शेगडीने घशात खर्र केलं आणि मग सरळ, गरम, भरभरून वारा आला. लेम्पीबाई जाळीपुढे स्टूल घेऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. कुंड्या परत खिडकीत गेल्या. मांजर मात्र सौनातच राहिलं.

बुधवारी कॅरल आली. घर उबदार, ओव्हनमध्ये बटाटा-मांसाचं सारण भरलेल्या पास्टी भाजतायत, शेगडी गुणगुणतेय. ती खूश. मग सौनात सामान ठेवायला गेली आणि परत आली ती हात कमरेवर ठेवून.

"आई, सौनात खाट का आहे?"

लेम्पीबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. काहीच वगळलं नाही, उलटी मोटरसुद्धा नाही.

"म्हणजे बंद पडली होती," कॅरल म्हणाली. "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," लेम्पीबाई म्हणाल्या. "मी शब्द दिलाय. तू म्हणशील तर बॅग भरते. एकच बरोबर नाही. कुडकुडले नाही मी. पण बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालंय."

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर दोघी नीट झोपल्या नव्हत्या. गुरुवारी सकाळी कॅरल टर्की ओव्हनमध्ये सारून एकटीच सौनात गेली. रडायला गेली की विचार करायला, देव जाणे. थंडी वाजली म्हणून तिने भट्टी पेटवली. गेल्या कित्येक वर्षांत तिने ती पेटवली नव्हती. धूर कुठे जातो याचा विचारही तिच्या मनात आला नसणार.

सगळ्यांत आधी एल्मामावशी पोचली. तिच्या मागे आर्वोकाका आणि ते निळं नाक, कॅम्पवरचे बाकीचे, दोघी बहिणी, पाद्रीबाई आणि मी. सणाचा दिवस, घरोघरी टर्की ओव्हनमध्ये, तरी प्रत्येकाच्या काखेत टॉवेल. बर्फातून एकामागोमाग एक रांगेत आलो आम्ही. कॅरल दारात उभी.

"कुणाला काय झालंय?" तिने विचारलं.

"ते बघायलाच आलोय," मावशी म्हणाली. "धूर दिसला. बाजूला हो, वाफ जातेय."

घरातून लेम्पीबाईही टॉवेल घेऊन आल्या आणि मावशीमागोमाग आत शिरल्या. कॅरलने आमच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. सरोवराच्या बाजूने अजून एक जोडपं येताना दिसत होतं. तिने डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि उंबऱ्यातच उभं राहून निरोप ठेवला. सुट्टी असल्यामुळे पलीकडे कुणी उचलत नसावं.

"रांता नावाने एक खोली धरून ठेवली होती. ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका. नाही, आई बरी आहे. ती येत नाही. तिला इथं सवड नाही."

आतून, वरच्या फळीवरून, लेम्पीबाईंचा आवाज आला.

"कॅरल, दार लाव गं. ऊब बाहेर चाललीय."